बॅटरीचा हिशेब मालकाला दिसलाच पाहिजे

महोदय,

आपल्या वाहनविषयक पानावर इलेक्ट्रिक मोटरसायकलींची परीक्षणं येतात, ती मी न चुकता वाचते. एका चार्जमध्ये किती अंतर, वेग किती, डिस्प्ले केवढा, सगळं त्यात असतं. गाडी बंद पडली तर ती उघडणार कोण, पार्ट यायला किती दिवस लागणार आणि नेमकं काय बिघडलं होतं हे मालकाला कोण सांगणार, याबद्दल मात्र एक ओळही नसते. घेणारेही शोरूममध्ये रेंज विचारतात, रंग निवडतात आणि सही करून मोकळे होतात.

मी इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्त करते. अवजारांची पेटी घेऊन रोज फिरावं लागतं, त्यासाठी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. गाडी म्हणून ती मला मनापासून आवडते. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, प्लग काढून घासणं नाही. ब्रेक पॅड, टायर, चेन आणि बेअरिंगकडे लक्ष ठेवलं की रोजचं भागतं. विक्रेते म्हणतात ‘हिला सर्व्हिसिंग लागतच नाही’, त्यातला देखभालीपुरता भाग खरा आहे. दुरुस्तीचं तसं नाही. पेट्रोलच्या गाडीचा बिघाड जुना मेकॅनिक आवाजावरून ओळखतो. इथे बिघाड मोटरच्या सेन्सरमध्ये, कनेक्टरच्या पिनांवर, कंट्रोलरमध्ये नाहीतर थेट बॅटरीच्या पोटात असतो, आणि तो वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते सॉफ्टवेअर ज्याच्या हाती, त्याच्यावर आपण पूर्णपणे विसंबून.

माझी गाडी चढावर अचानक बंद पडायला लागली. डिस्प्लेवर चार्ज चाळीस टक्क्यांच्या आसपास. थोडं थांबलं की सुरू व्हायची, पुढच्या चढावर पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरने आधी सॉफ्टवेअर अपडेट करून परत पाठवली. दुसऱ्या खेपेला ‘बॅटरीचा पूर्ण पॅक बदलावा लागेल, वर कळवलंय’ असं सांगून गाडी ठेवून घेतली, ती महिन्याहून जास्त काळ तिथेच उभी. जॉबकार्डवर शब्द तेवढे तीन: ‘गाडी बंद पडते’. बिघाडाचा कोड मागितला, तर तो ग्राहकाला द्यायची परवानगी नाही असं उत्तर मिळालं. ज्या वस्तूचे पूर्ण पैसे मी मोजले आहेत, तिच्यात काय चाललंय हे मलाच कळू नये, याचा मला आजही संताप येतो.

शेवटी त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेंटरमधल्या एका तरुण तंत्रज्ञाने काम मार्गी लावलं. त्याने लॅपटॉप जोडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पॅकमध्ये सेलचे २० गट एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकाचा व्होल्टेज समोर. उभ्या गाडीत एकोणीस गट ३.६ व्होल्टच्या आसपास, चौदावा किंचित कमी. तेवढ्यावर निकाल न देता तो नोंद चालू ठेवून गाडी चढावर नेऊन आला. परत आल्यावर म्हणाला, “ताई, हा बघा चौदावा.” जोर पडताच बाकीचे गट ३.४ वर टिकले होते आणि हा एकटा २.८ पर्यंत कोसळला होता. एक गट ठरलेल्या मर्यादेखाली गेला की बॅटरीचं नियंत्रण करणारा बोर्ड, म्हणजे बीएमएस, सेल खराब होऊ नयेत म्हणून पूर्ण पॅकच तोडतो. डिस्प्लेवरचे चाळीस टक्के हा पूर्ण पॅकचा अंदाज होता. गाडी बंद पाडत होता तो एकटा गट. पॅक उघडला तेव्हा त्या गटातल्या काही सेलांवरच्या, सेल एकमेकांना जोडणाऱ्या निकेलपट्टीचे वेल्ड सुटलेले निघाले. म्हणजे तेवढे सेल कामातून बाहेर, आणि त्यांचा भार शेजारच्यांवर.

पॅक बदलावा लागला नाही. त्या मुलाने तो गट बदलला, नव्या सेलांचा व्होल्टेज बाकीच्या गटांशी जुळवून घेतला, आधीचे आणि नंतरचे आकडे जॉबकार्डवर लिहिले आणि काढलेली पट्टी मला दाखवली. काही दिवसांनी फोन करून पुन्हा एकदा नोंद तपासायला बोलावलं. चांगली सर्व्हिस म्हणजे काय, हे मला त्या जॉबकार्डने दाखवलं. एसीची वेटिंग रूम आणि चहा यांचा तिच्याशी संबंध नाही.

म्हणून जो कोणी सल्ला विचारतो, त्याला मी सांगते की टेस्ट राइडच्या आधी सर्व्हिस सेंटर बघून या. मागच्या बाजूला धूळ खात किती गाड्या उभ्या आहेत ते पाहा. सीटवर टाकलेल्या जॉबकार्डवरच्या तारखा वाचा. दुरुस्ती करून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मालकाशी दोन मिनिटं बोला, शोरूममधल्या तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त कळतं. बॅटरी तिथेच उघडतात की दुसरीकडे पाठवतात, हेही विचारा.

वॉरंटीचा कागद घरी आणून सावकाश वाचा. ‘इतकी वर्षं’ हा मोठ्या अक्षरातला आकडा फारसा उपयोगाचा नाही. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर क्लेम मंजूर होतो, ती क्षमता कोण आणि कशी मोजणार, किलोमीटरची मर्यादा काय, गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का, हे त्यात असतं नाहीतर जाणूनबुजून गाळलेलं असतं. आयपी ६७ असं लिहिलं असेल तर पाण्यापुरता त्याचा अर्थ १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी झाली आहे, एवढाच. वॉशिंगवाल्याच्या प्रेशर पाइपचा झोत कनेक्टरवर मारायला ती परवानगी नव्हे. पाणी शिरल्याचं कारण देऊन क्लेम नाकारला जाऊ शकतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

कंपनीच बंद पडली तर काय, हा प्रश्न अनेकांना अति वाटतो. इलेक्ट्रिक मोटरसायकली बनवणारी अमेरिकेतली आल्टा मोटर्स २०१८ मध्ये बंद झाली. अशीच स्वीडनची केक ही कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी इटलीची एनर्जिकाही. एनर्जिका ही साधीसुधी कंपनी नव्हती, २०१९ ते २०२२ मोटोई या इलेक्ट्रिक मोटरसायकलींच्या शर्यतींतल्या सगळ्या मोटरसायकली तिच्याच होत्या. निदानाचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे असेल, तर कंपनी बुडाल्यावर धडधाकट गाडीसुद्धा एका किरकोळ बिघाडाने उभी राहते.

यावर कायद्याने मार्ग काढता येतो. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने ऑगस्ट २०२४ पासून विद्युत वाहनांच्या बॅटरीच्या प्रकृतीची बीएमएसमधली माहिती ती बॅटरी विकत घेणाऱ्याला वाचता आली पाहिजे, असं बंधन घातलं आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून हलक्या वाहनांच्या २५ किलोपर्यंतच्या बॅटऱ्या, आतल्या सेलांसकट, स्वतंत्र तंत्रज्ञाला काढून बदलता आल्या पाहिजेत. त्या मॉडेलची शेवटची गाडी बाजारात आल्यानंतर किमान ५ वर्षं बॅटरी सुटा भाग म्हणून वाजवी दरात मिळाली पाहिजे, आणि सॉफ्टवेअरचं कुलूप लावून बदल अडवता येणार नाही. माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांना यापेक्षा जास्त काही नको आहे. विद्युत वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या प्रत्येक सरकारने एवढी अट घातलीच पाहिजे. ७२ व्होल्टचा पॅक कुणीही उघडू नये, हे कंपन्यांचं म्हणणं मला मान्य आहे. शॉर्ट झाला तर हात भाजतो, आग लागते. पण त्यासाठी तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि परवाना द्या, मालकापासून आकडे लपवून कुणाची सुरक्षितता वाढत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. परीक्षणासाठी कंपनीकडून आलेली नवी गाडी थोडे दिवस चालवून परत जाते, तिच्यातून सर्व्हिस कशी कळणार? दोन-तीन वर्षं गाडी वापरलेल्या मालकांची पत्रं मागवा आणि कोणत्या पार्टला किती दिवस लागले, कोणता क्लेम कोणत्या कारणाने नाकारला, ते छापा. माझ्या दोन्ही सेंटरच्या जॉबकार्डांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपली एक वाचक,
इन्व्हर्टर व यूपीएस दुरुस्ती तंत्रज्ञ