मूकपट म्हणजे फक्त चॅप्लिन नव्हे रे

रामबाग, इंदूर

प्रिय पम्या,

फोनवर तू म्हणालास मूकपट म्हणजे चॅप्लिन, बाकी सगळे नुसते धडपडणारे, तेव्हा ऑफिसात होतो म्हणून ऐकून घेतलं. पण भिया, बस्टर कीटनला त्या बाकीच्यांत ढकललंस ते काही पचलं नाही, म्हणून हे लांबण लावतोय.

हा १८९५ चा, कॅन्ससमधला. आईबाप स्टेजवर कॉमेडी करायचे आणि बाप या पोराला उचलून सरळ सेटवर नाहीतर प्रेक्षकांत भिरकवायचा, कपड्यांना मागे सुटकेसची मूठ शिवलेली, धरायला बरी म्हणून! आपण हसलो की पब्लिक हसत नाही, चेहरा मख्ख ठेवला की लोळतं, हे त्याला तिथेच कळलं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला आर्बकल या तेव्हाच्या विनोदी नटाच्या पिक्चरमध्ये शिरला तेव्हा म्हणे कॅमेरा घेऊन गेला, रात्रीत अख्खा खोलला नि परत जोडला. मला तर तो नटाआधी फिटरच वाटतो.

आणि माझं म्हणणं तेच आहे. आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला कसं, नट डोक्यापासून पायापर्यंत समोर असतो, चुकला तर सगळ्यांदेखत चुकतो. कीटन कॅमेरा तसाच लांब ठेवतो, म्हणजे लबाडीला जागाच नाही. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये वादळात घराची पुढची भिंत अख्खी त्याच्या अंगावर येते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून खाली जाते, हा उभाच. भिंत खरी, वजनदार, आजूबाजूला जागा काही इंचांची, आणि दिग्दर्शनही पडद्यामागून त्याचंच. 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये टाकीच्या पाण्याच्या लोंढ्यानं रुळावर आपटला, मानेचं हाड मोडलं, आणि ते कळलं कधी, तर कित्येक वर्षांनी एक्स-रे काढला तेव्हा!

'द जनरल' (१९२६) साठी तर ओरेगनमध्ये जळत्या पुलावरून खरं इंजिन नदीत सोडलं, मॉडेल वगैरे काही नाही. एवढं करून पिक्चर तेव्हा पडला. आज लोक डोक्यावर घेतात, पण त्याचा त्याला तेव्हा काय उपयोग.

मग १९२८ मध्ये स्वतःचं युनिट सोडून एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओच्या नोकरीत गेला. तुझ्या चॅप्लिननंच सांगितलं होतं, नको जाऊ. बोलपटानं कीटन संपला असं सगळे म्हणतात, मला नाही पटत, त्याचे बोलपट चालले की धंद्यात! पण याची सवय अशी की गोष्टीची सुरुवात नि शेवट ठरवायचा, मधलं सेटवर सुचेल तसं, आणि तिथे कागदावर सगळं आधी मंजूर करा. माणूस त्यात गुदमरला. दारू, घटस्फोट, १९३३ मध्ये नोकरीही गेली, आणि पुढे त्याच स्टुडिओत दुसऱ्यांसाठी गॅग, म्हणजे हसवायच्या क्लृप्त्या, सुचवायचं काम. 'लाइमलाइट' (१९५२) तू पाहिलायस ना, त्यात चॅप्लिनसोबत पियानोवर संगीताच्या नोटेशनचे कागद सावरत बसलेला म्हातारा, तोच हा. १९६० मध्ये मानद ऑस्कर दिलं, १९६६ मध्ये गेला.

सुरुवात 'वन वीक' (१९२०) पासून कर, वीस-पंचवीस मिनिटांचाच आहे, नवीन जोडपं पार्सलनं आलेलं घर जोडतंय आणि कुणीतरी खोक्यांचे नंबर बदलून ठेवलेत. नेटवर फुकट आहे. काही प्रिंट्सवर भलतंच ठणाणा म्युझिक चिकटवलेलं असतं, ते सरळ म्यूट कर. आणि पाहिल्याशिवाय मला फोन करू नकोस!

वहिनींना नमस्कार, पोरांनाही बसव बघायला.

तुझा,
बंड्या