निवृत्त मी, सही अजून माझीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सार्वजनिक संस्थांच्या कार्यकारिणीत तरुण येत नाहीत, ही आपल्याकडची कायमची ओरड. येतात हो! कागदावर चढत नाहीत, एवढंच.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा मी बावीस वर्षं कार्यवाह होतो. मंडळ म्हणजे दोन वकील, एक डॉक्टर, एक सराफ आणि उरलेले आम्ही निवृत्त मास्तर. निवडणूक नावाला, सूचक-अनुमोदकसुद्धा ठरलेले. 2021 च्या सर्वसाधारण सभेत आम्ही जुन्यांनी ठरवून सात जागा सोडल्या. (त्यावरून एका सन्मान्य सदस्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.) जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका खजिनदार झाल्या. पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा मोबाइलवरून बैठकीला बसू लागला. पहिल्याच बैठकीत खजिनदारबाईंनी विचारलं, जुन्या दिवाळी अंकांची रद्दी कुणाला, काय भावाने दिली? बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सार्वजनिक संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या लेखी मात्र हे मंडळ अजून नाहीच. नव्या मंडळाची नावं नोंदवण्याचा बदल अर्ज आम्ही 90 दिवसांच्या मुदतीत दिला. चुकलो असतो तर विलंबमाफीसाठी आणखी एक अर्ज. पण त्याआधीचा 2018 चा अर्ज पडून आहे, आणि तो निघाल्याशिवाय पुढचा हातात घेत नाहीत. 2024 ची निवडणूक झाली, तिसरा अर्ज त्यावर. बँक म्हणते, शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, नावं दाखवा. शेड्यूल वनवर खजिनदार म्हणून अजून नाना आहेत. नाना 2020 मध्ये गेले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी तिसऱ्यांदा दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांच्या मुलाने काही न विचारता झेरॉक्सचा गठ्ठाच हातात ठेवला.

त्यामुळे खातं जुने अध्यक्ष आणि मी यांच्याच सह्यांवर चालतं. अध्यक्ष हल्ली मुलीकडे नाशिकला असतात. ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रांचं बिल यासाठी दर महिन्याला कुणीतरी चेकबुक घेऊन एसटीने नाशिक गाठतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 मध्ये 2017 साली दुरुस्ती झाली. बदल कामकाजाच्या 15 दिवसांत तात्पुरता मंजूर करायचा, हरकती मागवायच्या, हरकत आली नाही तर तीच मंजुरी कायम, अशी सोय त्यात आहे. आमच्या तिन्ही अर्जांवर कुणाचीही हरकत नाही. जिथे भांडणं आहेत तिथे तारखा पडोत; बिनवादाचे अर्ज तरी वेगळे काढून या तरतुदीने निकाली काढावेत, एवढीच मागणी.

2027 ला पुन्हा निवडणूक. उभ्या राहणार ना, असं परवा खजिनदारबाईंना विचारलं. म्हणाल्या, "काका, मागच्या वेळी मी निवडून आले होते का, ते आधी विचारून या."

– एका वाचनालयाचा माजी कार्यवाह
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)