पालकमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या वहीतलं 'सुरक्षा' खातं

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी जुनी शुक्रवारीच्या बाजूला राहतो. छत्तीस वर्षं लेखा विभागात आकडे जुळवले आणि 2019 मध्ये निवृत्त झालो. लग्न झालं त्या वर्षापासून, म्हणजे 1989 पासून, घरखर्चाची वही लिहितो. किराणा, दूध, वीज, औषधं, आहेर आणि शेवटी 'इतर' अशी तिच्यात खाती आहेत. 'इतर' खातं फुगलं की जुन्या हिशेबनीसाला झोप लागत नाही. 31 मार्च 2024 ला बेरीज केली तर ते किराण्याच्या निम्म्यावर गेलेलं. मग एकेक नोंद उकलत बसलो आणि त्यातून एक नवं खातं निघालं. त्याला मी 'सुरक्षा' असं नाव दिलं. हे पत्र त्या खात्याबद्दल आहे.

पहिली नोंद गळपट्ट्यांची : चार नग, सहाशे रुपये. हे थंडीसाठी नव्हेत. डिसेंबर अर्धा सरला की आमच्या घरातून दुचाकीवर निघणारा प्रत्येक जण गळ्याला जाड पट्टा बांधतो. स्कूटरच्या हँडलला मेकॅनिककडून तारेची कमान बसवून घेतली आहे, तिचे वेगळे पैसे. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, ही कसली कमान? मी सांगतो, आमच्याकडे तिळगुळाबरोबर ही लागते.

आमची जुनी शुक्रवारी म्हणजे नागपूरचा पतंगबाजार. मी याच गच्च्यांवर वाढलो. काचेची पूड आणि सरस लावून मांजा सुतताना बोटं कापून घेतली, 'ओ काट' ओरडून घसा बसवला. त्यामुळे पतंगाला नाव ठेवायला मी बसलेलो नाही. सुती मांजा ताण आला की तुटतो, त्यातच त्याची मजा होती. नायलॉनचा तुटत नाही. रस्त्यावर आडवा आला आणि समोरून चाळिसाच्या वेगाने दुचाकी आली, तर मांजा शाबूत राहतो आणि गळा चिरला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरही शहरात माणसं गेली, आणि झाडांना लटकलेल्या मांजात पक्षी पार उन्हाळ्यापर्यंत अडकत राहतात.

जानेवारी 2024 मध्ये माझा भाचा एका उड्डाणपुलावरून येत होता. मांजा हेल्मेटच्या पट्ट्यात अडकला, म्हणून हनुवटीवर सात टाक्यांवर निभावलं. तक्रार द्यायला गेलो. ठाण्यातले हवालदार भले गृहस्थ होते, त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "काका, लिहून घेतो, पण कोणाच्या नावानं लिहू? मांज्याले का नाव असते?" त्या रात्री मलाही उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं. मांजाला नाव नसतं, पण चक्रीला दुकान असतं, दुकानाला माल पुरवणारा असतो, त्याच्या मालाला गोदाम असतं, आणि गोदामापर्यंत माल ट्रकने येतो. अलीकडे संक्रांतीला उड्डाणपूल दुचाक्यांना बंद करतात. हेतू चांगला आहे, मी त्याला हसत नाही. पण बंदी मांजावर असताना घरी बसायची पाळी दुचाकीवाल्यावर येते, एवढं नोंदवून ठेवतो.

दुसरी मोठी नोंद बहिणीची. ती डागा लेआऊटमध्ये राहते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, घरात गणपती बसलेले असताना, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने पात्र सोडलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. भाऊजींनी आधी गणपती कपाटावर ठेवला, मग आईचं औषध, मग कागदपत्रं, आणि तोवर फ्रिज तरंगायला लागला होता. मोरभवनात एसटी बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते आपणही पाहिलं असेल. शहरात जीव गेले. सरकारने घरामागे दहा हजार रुपये जाहीर केले.

लहानपणी अंबाझरीचा ओव्हरफ्लो बघायला आम्ही डबे घेऊन जायचो. ते धरण 1870 चं. दीडशे वर्षांच्या बांधाला समोर मोकळी वाट लागते, ही गोष्ट कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा वाद न्यायालयात गेला, तो तिथे चालला, त्यावर मी बोलत नाही. मी बहिणीचं सांगतो. तिने फाटकाला पाणी अडवायचा लोखंडी पाट लावून घेतला, उंबरा वीट-सिमेंटने उचलला, पंप घेतला. त्यासाठी मी तिला अठरा हजार उसने दिले. वहीत ते 'सुरक्षा' खात्यात आहेत. तिने पाट लावला तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडचं पाणी आता आमच्याकडं येईल नं?" बहीण म्हणाली, "तुम्हीही लावा." त्यांनीही लावला. त्या रांगेत शेवटचं घर एका विधवा बाईंचं आहे, आणि त्यांनी अजून लावलेला नाही.

आमच्या गल्लीचं दुखणं वेगळं. जुना डांबरी रस्ता न खोदता त्यावरच सिमेंटचा रस्ता चढवला. घराला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरली आहे. आम्ही जागचे न हलता तळघरात चाललो आहोत. रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यामध्ये चार बोटं खोल फट आहे. तिच्यात स्कूटीचं चाक गेलं आणि आमच्या सौभाग्यवतींच्या मनगटाला प्लास्टर लागलं. मी मोटार वाहन कायदा उघडून बसलो. 2019 च्या दुरुस्तीने त्यात 198-अ हे कलम आलं. रस्ता निकषांप्रमाणे न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे हिचं हाड नीट जुळलं ही आनंदाची बातमी, पण त्यामुळे कलम लागू नाही. हेल्मेट विसरलं तर त्याच कायद्याने हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. हा दंड मी एकदा भरला आहे, योग्यच भरला. फक्त दोन्ही कलमं एका पानावर ठेवून पाहावीत, एवढं म्हणतो.

बाकी किरकोळ नोंदी : कॅमेऱ्याची वर्गणी, रात्रीच्या गुरख्याची वर्गणी, कुत्र्यांमुळे घेतलेली काठी. पुढे जाऊ.

आता मला जे अवघड वाटतं ते लिहितो. 17 मार्च 2025 च्या संध्याकाळी महाल भागात काय झालं ते आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आधी अफवा, मग दगड, मग आग. पुढे हंसापुरीत तेच. डझनावारी पोलीस जखमी झाले, त्यांत उपायुक्तही होते. पोलिसांनी त्या रात्री अंगावर घेतलं, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. एक जखमी पुढे दवाखान्यात वारला. संचारबंदी पूर्ण उठली ती 23 तारखेला.

समोरच्या पोट्ट्याची स्कूटर जळली. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, दंगलीतलं नुकसान त्यात बसत नाही. त्याचे अजून नऊ हप्ते बाकी होते. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी पूर्ण विमा काढला, हप्ता अडीचपट. ही नोंद सरळ आहे. त्यानंतरची सरळ नाही.

एप्रिलमध्ये गल्लीची बैठक झाली आणि गल्लीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवायचं ठरलं. माझा वाटा दोन हजार दोनशे. मी हात वर केला होता. एवढंच नाही, हिशेब ठेवणारा म्हणून किल्लीही माझ्याकडे आली. गल्ली महापालिकेची आणि फाटक आमचं, म्हणजे हे बेकायदा आहे, मी कबूल करतो. पहिल्या रात्री फाटकाला कुलूप लावलं तेव्हा फार बरं वाटलं, हेही कबूल करतो.

मग घंटागाडी आत येईना. गल्लीच्या मागच्या टोकाला पतंग बनवणारी चार-सहा घरं आहेत. त्यांची रात्रपाळीची माणसं अडीचला येऊन माझी कडी वाजवू लागली. त्यांतला एक जण मला पन्नास वर्षं ओळखतो. तो दर वेळी "माफ करा, साहेब" म्हणायचा. आधी तो मला नावाने हाक मारायचा. पावसाळ्यात एका रात्री त्याच्या आईला धाप लागली, अ‍ॅम्ब्युलन्स फाटकाबाहेर उभी राहिली आणि मला, पासष्टीच्या माणसाला, चष्मा सापडेना. चार मिनिटं गेली. म्हातारी वाचली. मी मात्र उशाखाली किल्ली ठेवून झोपायला लागलो, आणि झोप काही लागत नाही.

साहेब, आपण पालकमंत्री, म्हणजे पालक. घराचा पालक चार भिंती सगळ्यांसाठी बांधतो. त्या उभ्या नसल्या की प्रत्येक पोरगं स्वतःपुरता पलंगाखाली कोपरा धरतं, आणि बळकट असेल ते जास्त जागा अडवतं. मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर अशा ओळी असतात आणि मी त्या सगळ्या वेळेत भरतो. या वर्षी माझं 'सुरक्षा' खातं त्या बिलापेक्षा मोठं निघालं. मला परवडतं, पेन्शन आहे. बहिणीच्या रांगेतल्या शेवटच्या घराला परवडत नाही.

शहर सुरक्षित ठेवणं आपल्या यंत्रणेला जमत नाही असंही नाही. 1953 च्या नागपूर कराराच्या पुण्याईने दर हिवाळ्यात विधिमंडळ इथे येतं. तेव्हा पंधरा दिवस खड्डे बुजतात, दुभाजक रंगतात, बंद दिवे लागतात आणि चौकाचौकात पोलीस असतो. सिव्हिल लाइन्सकडून जाताना वाटतं, आपण कुठल्या गावात आलो? हे सगळं माझ्या गल्लीपासून चार किलोमीटरवर होतं.

पण बंदोबस्त या शब्दाची मला भीतीही वाटते. 23 नोव्हेंबर 1994 ला माझं ऑफिस सीताबर्डीजवळ होतं. आदिवासी म्हणून मान्यता मागायला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली, 114 माणसं गेली. त्यांत बायका आणि लेकरं जास्त. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावर चपलांचा ढीग पाहिला. त्या दिवशी बंदोबस्त नव्हता असं कोणी म्हणणार नाही. तो होता, पण त्यांच्यासाठी नव्हता. झिरो माइलजवळच्या स्मारकासमोरून मी अजूनही सायकल हातात धरून जातो.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हता. फट बुजवा म्हणून सांगायचं कोणाला? अखेर मतदान झालं ते 15 जानेवारी 2026 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या गच्चीवर पक्षचिन्हांचे पतंग येऊन पडले होते, रंगीत, चांगल्या कागदाचे. त्यांतल्या दोन पतंगांना बांधलेला दोरा मी दाताने तोडून पाहिला. तुटला नाही.

तान्ह्या पोळ्याला आमच्या भागातून मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा, मिरवत निघते. काळी मारबत 1881 पासूनची. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, जे जे छळतं त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत नेऊन जाळायचा, ही आमची तक्रार निवारण पद्धत. दीडशे वर्षं होत आली. पावती मिळत नाही, पण मन हलकं होतं. आता या वयात मला पावती हवी आहे, म्हणून हे पत्र.

मागणं फार नाही. गल्लीतले बंद पडलेले दोन दिवे लावा आणि रात्री पायी फिरणारा एक बीट अंमलदार द्या, ज्याला आमची नावं माहीत असतील. तो सलग तीन महिने दिसला, तर पुढच्या बैठकीत फाटक काढायचा ठराव मीच मांडतो. विरोध होईल. आणखी एक गुरखा ठेवा म्हणणारे, कुलूप वाढवा म्हणणारे आहेत. त्यांना दाखवायला माझ्या हातात काहीतरी असलं पाहिजे.

आणि मांजाचं. धाडी दर वर्षी जानेवारीत पडतात, फोटो छापून येतात, रस्त्यात चक्र्यांवर रोडरोलर फिरतो. तोवर माल घरोघरी पोचलेला असतो. आमच्या भागात माल उतरायला लागतो तो दिवाळीनंतर, रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, छोट्या टेम्पोंतून. माझ्या गच्चीवरून ते दिसतं. या वर्षी मी तारीख आणि वेळ लिहून ठेवणार आहे, सवयच आहे. ती कोणाला द्यायची, त्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर तेवढा दिवाळीआधी कळवावा.

कळावे,
आपला नम्र,
जुनी शुक्रवारीतला एक निवृत्त लेखापाल