काउंट एप्रिल छाटणीलाच ठरतो

संपादक साहेब, नमस्कार.

पुरुषांच्या वंध्यत्वावर हल्ली पेपरात बरंच छापून येतं, चांगलंच आहे, नाहीतर आमच्याकडे मूल झालं नाही की दोष थेट सुनेच्या माथी आणि विषय संपला. पण प्रत्येक लेखात तेच तेच, तंबाखू सोडा, टाइट जीन्स नको, मांडीवर लॅपटॉप नको. माझ्या पुतण्याला बिडी नाही, दारू नाही, लॅपटॉप तर घरातच नाही, तरी शुक्राणूंचा काउंट (संख्या) कमी निघाला (आणि तो तपासायलाच तीन वर्षं गेली, तोवर सगळ्या सोनोग्राफ्या बिचाऱ्या सुनेच्याच चालल्या होत्या).

मी द्राक्षवाला माणूस, मला ते माझ्या भाषेत समजलं. ऑक्टोबर छाटणीनंतर किती घड निघणार हे ऑक्टोबरमध्ये ठरत नाही, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यातच ते ठरून जातं, तेव्हा गडबड झाली तर पुढे टॉनिकचे कितीही ड्रम मारा, वांझ काडी ती वांझच. पुरुषाचंही बरंचसं असंच आहे. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली नावाच्या पेशी असतात, त्या आईच्या पोटात आणि नंतर वयात येईपर्यंतच वाढतात, मग संख्या कायम, आणि एक पेशी ठरावीकच शुक्राणू पोसते. त्या काळात हार्मोन बिघडवणारं रसायन अंगात गेलं तर ते कळतं थेट लग्नानंतर.

इटलीत सेवेसो गावाजवळच्या केमिकल कारखान्यातून १० जुलै १९७६ ला डायॉक्सिन या विषारी रसायनाचा ढग सुटला. तिथली मुलं मोठी झाल्यावर तपासली तर जी त्या वेळी १ ते ९ वर्षांची होती त्यांचा काउंट मिलिलीटरला सरासरी ५३.६ दशलक्ष, ढग न लागलेल्यांचा ७२.५. आणि गंमत बघा, जी १० ते १७ वर्षांची होती त्यांचा कमी नाही, उलट जरा जास्तच. विष तेच, दिवस तोच, फरक फक्त वयाचा.

इटली लांब वाटत असेल तर केरळातलं कासारगोड घ्या. काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं, मग अहमदाबादच्या सरकारी संस्थेने तिथल्या १० ते १९ वयाच्या ११७ मुलांची तपासणी केली, २००३ साली ती छापून आली, मुलं उशिरा वयात येत होती आणि टेस्टोस्टेरॉन कमी होतं. सुप्रीम कोर्टाची बंदी आली २०११ मध्ये, तोपर्यंत आपणही तेच मारत होतो की.

पुतण्याचं यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, कुठला डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो पोटात असताना माझी वहिनी आम्हा भावांचे फवारणीचे कपडे हाताने धुवायची, आणि हा पोरगा औषधाच्या रिकाम्या कॅनचं तोंड कापून केलेल्या डब्याने अंघोळ करायचा, निळा डबा, अजून डोळ्यासमोर आहे. विषाला आपण औषधच म्हणतो, मग भीती कसली वाटणार.

दुकानदार म्हणतो डब्यावर हिरवा त्रिकोण असलेलं औषध घ्या, एकदम सेफ. अहो, तो त्रिकोण फक्त एवढंच सांगतो की एकदम पोटात किंवा कातडीवाटे अंगात गेलं तर किती विषाने जीव जाऊ शकतो. थोडं थोडं गर्भात गेलं तर वीस-पंचवीस वर्षांनी काय होईल याचा त्या रंगाशी संबंधच नाही, आणि ही गोष्ट कृषी खात्याच्या मेळाव्यात मी एकदाही ऐकलेली नाही. आशाताई घरोघर गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देतात, तेव्हाच फवारणीचे कपडे धुवू नका, बागेत औषध मारलंय तिकडे दोन-चार दिवस फिरकू नका एवढं सांगितलं तर काय बिघडेल? त्याला ना जीआर लागतो ना बजेट.

सुनेला आता चौथा महिना आहे. फवारणीचे कपडे विहिरीवरच्या शेडमध्ये वेगळे टांगतो, धुतो मी स्वतः, वहिनी हसते.

एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक