तंबोरा आधी पाठवते

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आधी ठेवला, ते चुकलं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून आज लिहितेय, लिहिताना आवाज तरी चढत नाही.

त्या कार्यक्रमात निवेदकाने तुला 'होणाऱ्या सूनबाई' म्हणून बोलावलं, नाव घेतलंच नाही. तू म्हणालीस, प्रेमाने म्हणाले गं. असेल. तुझे सासरे एवढे मोठे संगीतकार, पण परवा तासभर आजीच्या पायाशी बसून तिच्या ओव्या उतरवून घेत होते. माणसं सोन्यासारखी आहेत. माझा प्रश्न वेगळाच होता. सकाळी रियाजाला बसतेस ना?

मी शाळेत असताना गीतरामायण लागलं की सगळे म्हणायचे, बाबूजी लागले, म्हणजे सुधीर फडके. आजी तेवढी विचारायची, "माझ्या ललिताबाई कधी?" पुणे आकाशवाणीवर १९५५ साली पहिल्यांदा लागलं तेव्हा कौसल्या ललिताबाई फडक्यांनी गायली होती. 'उगा का काळिज माझे उले' सुरू झालं की आजीचा हात सुपातल्या तांदळावर तसाच थांबायचा. ती सांगायची, या लग्नाआधीच्या ललिता देऊळकर. १९४७ च्या 'साजन'मध्ये रफींबरोबर गायलेल्या. १९४९ साली बाबूजींशी लग्न झालं तेव्हा मंगलाष्टकं म्हटली ती रफीसाहेबांनी! हे ऐकून तू पाचवीत असताना हट्ट धरलास, माझ्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हणणार. अंगात ताप, कपाळावर मीठपाण्याची घडी, आणि अंतरपाटाला माझी ओढणी मागत होतीस.

कुठून कुठे गेले मी.

सांगायचं होतं ते असं, की आजीने ललिताबाईंना कधी कुणाची बायको म्हणून ऐकलं नाही. चाल बाबूजींची, पण त्यातला तो आवंढा त्या बाईंचा स्वतःचा. असा गळा रोज घासल्याशिवाय राहत नाही. गाण्याच्या घरात दिवसभर गाणंच चालतं, बबडे. रेकॉर्डिंग, नव्या चाली, येणारेजाणारे. आपण गातोच आहोत असं वाटत राहतं आणि महिनामहिना खर्ज, तो खालचा सूर, लागलेला नसतो. मावशीचं काय झालं ते तू पाहिलंयस. पहाटेचा एक तास कुणालाही देऊ नकोस, नवऱ्यालाही नको, सासऱ्यांच्या चालीलाही नको.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. तू सव्वीस वर्षांची आहेस, तुला कळतं सगळं. गेल्या महिन्यात तू मारवा गात होतीस आणि मी मध्येच उठून बाहेर गेले, ते पाणी प्यायला नव्हे. तिथे बसून रडले असते तर तुझं लक्ष गेलं असतं.

आज तुझा तंबोरा खाली काढला. गवसणीचा बंद तुटला होता, तो शिवला. जोडीतली एक तार उतरलीय, तारांखालचे जवारीचे दोरे काळे पडलेत. तू तिकडे मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर भागवतेस, म्हणजे बसत असशीलच. नाही, पुन्हा विचारत नाही.

रुखवताबरोबर नको, तंबोरा आधीच पोचवते. तिकडे तुझी खोली कोणती ते विचारून ठेव आणि सकाळचं ऊन थेट येणार नाही असा कोपरा बघ, भोपळा तडकतो. खाली ठेवायची चुंबळ मी देते, आजीच्या जुन्या लुगड्याची केलीय.

तुझी,
आई