धर्माच्या हिशेबात खाते कोणाचे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्माने जगाचे भले अधिक केले की वाईट अधिक, या प्रश्नावर कालच्या रविवार पुरवणीत आपण समोरासमोरच्या पानांवर दोन लेख छापले आणि निर्णय वाचकांवर सोपवला, याबद्दल आभार. पहिल्या विद्वानांनी युरोपातील तीस वर्षांच्या युद्धापासून आपल्या फाळणीपर्यंतची प्रेते मोजून बाकी उणे काढली. दुसऱ्या विद्वानांनी अन्नछत्रे, धर्मशाळा, रुग्णालये आणि रक्तदान शिबिरे मांडून तीच बाकी अधिक काढली. दोघांचाही व्यासंग मोठा आहे, याविषयी शंका नाही. परंतु ज्याचे आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले, अशा माझ्यासारख्या निवृत्त माणसाला दोन्ही लेख वाचताना एकच गोष्ट सतत खटकत राहिली. जमा कोणाच्या खात्यावर झाली आणि नावे कोणाच्या पडली, हे दोघांपैकी कोणीही सांगितलेले नाही. एकाच्या खात्यावरची जमा दुसऱ्याच्या देण्यातून वळती करून ताळेबंद जुळवला, तर कारकुनालासुद्धा घरी पाठवतात. वैचारिक लेखात मात्र ते चालते असे दिसते.

या पत्राचे तात्कालिक कारण म्हणजे दुसऱ्या लेखातील एक परिच्छेद. ठाण्यातील उत्सव मंडळांच्या सामाजिक कार्याचा गौरव करताना लेखकांनी त्यांच्या मोफत रुग्णवाहिकेची नोंद धर्माच्या जमेच्या बाजूला मोठ्या कौतुकाने केली आहे. त्या रुग्णवाहिकेशी माझा थोडा परिचय आहे.

आमचे घर तलावपाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, रस्त्याकडेच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली, त्या वर्षीच्या नवरात्रात आमच्या खिडकीसमोर मंडप पडला. मंडप दरवर्षीच पडत असे. त्या वर्षी फरक एवढाच होता की ध्वनिक्षेपकांची भिंत रस्त्याच्या पलीकडून अलीकडे आली, कारण पलीकडे एका पुढाऱ्याच्या स्वागताची कमान उभी राहायची होती. सायंकाळी आवाज सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातील मांडणीवरची भांडी थरथरत, आणि आईचे तोंड ज्या बाजूला वळत नव्हते त्याच बाजूला खिडकी असल्यामुळे, हा आवाज कोठून येतो आहे हेही तिला धड कळत नसे. ती घाबरून हाताने खूण करून मला बोलावी आणि मी जवळ गेलो की काहीच सांगू शकत नसे. मोबाइलवर मी काही आकडे टिपून ठेवले होते. पण त्या मोजणीला कोणी पुरावा मानत नाही, म्हणून ते येथे देत नाही.

दोन-तीन दिवस वाट पाहून मी मंडपात गेलो. मंडळाची मुले उद्धट नव्हती, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी मला खुर्ची दिली, प्रसाद दिला, आणि सगळे ऐकून घेतल्यावर त्यांच्यातील एका जबाबदार कार्यकर्त्याने अत्यंत मायेने तोडगा सुचवला. “काका, आजींना दसऱ्यापर्यंत तुमच्या बहिणीकडे डोंबिवलीला नेऊन ठेवा ना. आपली रुग्णवाहिका आहे, ऑक्सिजनसकट. आमची दोन पोरं बरोबर देतो. एक रुपया घेणार नाही.” मी म्हणालो, “त्यापेक्षा आवाज कमी केला तर?” त्यावर त्याचा चेहरा खरोखर पडला. “काका, लोक आवाजासाठीच येतात हो,” तो म्हणाला, आणि मग, बहुधा माझी समजूत घालण्यासाठी, “पहाटे तिकडचा भोंगा वाजतो, तो चालतो का तुम्हाला?” असेही विचारले. तिकडचा भोंगा आमच्या घरापर्यंत पोहोचत नाही. पोहोचत असता तर मी तेथेही गेलो असतो आणि तेथेही मला बहुधा खुर्ची मिळून हेच उत्तर उलट्या दिशेने मिळाले असते.

आता आपल्या लेखकांना माझा नम्र प्रश्न असा की, ही रुग्णवाहिका कोठे लिहावी? ज्या गाडीचा त्यांनी गौरव केला, ती गाडी ज्या उत्सवाने दिली, त्याच उत्सवाच्या आवाजापासून एका म्हाताऱ्या बाईला वाचवण्यासाठी मला देऊ केली जात होती. त्या गाडीने वर्षभरात अनेक रुग्णांना सिव्हिलपर्यंत पोहोचवले असेल, आणि ती कृतज्ञता त्यांच्या खात्यावर जमा आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यांच्या जमेमुळे माझ्या आईचे देणे फिटत नाही.

यात धर्माचा काय संबंध, हा तर उत्सवी उन्माद आहे, असे दुसरे लेखक म्हणतील, कारण त्यांनी लेखाच्या शेवटी “खरा धर्म” वेगळा काढून ठेवला आहे. ही सोय फार चांगली आहे. रक्तदान झाले की तो खरा धर्म आणि कानठळ्या बसल्या की तो उन्माद. उलट पहिले लेखक आनंदाने म्हणतील की पाहा, मी सांगत नव्हतो? त्यांनाही मी निराश करणार आहे. आमच्या घरात घट बसलेले होते. आई आजारी पडेपर्यंत स्वतः माळ बांधत असे, आणि त्या वर्षी माझी पत्नी तिला दिसेल अशा बेताने देव्हारा पुढे ओढून रोज आरती म्हणत असे. देवीच्या नावाने चाललेल्या गोंगाटात देवीची आरती चार हातांवर झोपलेल्या भक्ताला ऐकू येत नव्हती. त्यामुळे सोसणारी माणसे श्रद्धावान आणि त्रास देणारीही श्रद्धावान, अशी ही परिस्थिती होती, आणि ती दोन्ही विद्वानांच्या तक्त्यात कोठेच बसत नाही.

कायद्याविषयी थोडेसे, कारण आपल्या दोन्ही लेखांत त्याचा एकही उल्लेख नाही. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही त्यातील मर्यादा आहे, आणि दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते, हे शाळेतील मुलालाही समजावता येईल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा. गंमत अशी की त्याच नियमांच्या तक्त्याखालच्या टिपेत शांतता क्षेत्राची व्याख्या करताना रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्या रांगेत धार्मिक स्थळेही बसवलेली आहेत, म्हणजे ज्याने ती टीप लिहिली त्याची अशी प्रामाणिक समजूत होती की देवाच्या आसपास माणसांना शांतता हवी असते. 2017 साली दुरुस्ती झाली आणि सरकारने जाहीर केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही, असे झाले. आपल्याच शहरातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 च्या ऑगस्टमध्ये सविस्तर निकाल दिला, आणि 2025 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे स्पष्ट सांगितले. तक्रारदाराची ओळख विचारत न बसता कारवाई करावी, असेही त्या निकालात आहे. मी तक्रार केली होती ती या निकालाच्या आधी. आवाज काही वेळ उतरला, पुन्हा चढला, आणि दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात मला “काका, तुम्हीच ना ते?” असे विचारले गेले.

आई पुढच्या वर्षी गेली. तिच्या जाण्याचा संबंध मंडपाशी जोडण्याइतका मी अन्यायी नाही. तिला जवाहर बाग स्मशानभूमीत नेताना खांदा द्यायला मंडळातील तीच मुले आली होती, तोडगा सुचवणारा कार्यकर्ता सर्वांत आधी, आणि परतल्यावर आमच्याकडे चहा कोणी करायचा हेही त्यानेच ठरवले. हे मी जमेला लिहिले आहे आणि ते कधीही खोडणार नाही. पण त्या नऊ रात्री मी त्यातून वजा करत नाही, आणि आपल्या लेखकांनीही करू नयेत.

मोठ्या गोष्टींतही हेच दिसते. पंढरीच्या वाटेवर शतकानुशतके दिंड्यांनी माणसांना जेवू घातले, ही जमा खरी आहे. पण चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, आणि देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. ज्यांना वाटेत जेवण मिळाले आणि ज्यांना दारात अडवले गेले, त्यांची सरासरी काढून “एकंदरीत बरे चालले होते” असे कोण म्हणेल? आणि पहिल्या लेखकांनी हेही लक्षात घ्यावे की अडवणारे जितके धार्मिक होते तितकेच गुरुजीही होते. डॉ. आंबेडकरांनी 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, 1935 साली येवल्यात “हिंदू म्हणून मरणार नाही” अशी घोषणा केली, आणि 1956 साली नागपुरात दीक्षा घेतली. या तिन्ही तारखा पहिल्या लेखात खर्चाच्या बाजूला आहेत, पण तिसऱ्या तारखेला त्यांनी धर्म सोडून दिला नाही, विचारपूर्वक दुसरा स्वीकारला, ही गोष्ट लेखकांनी चतुराईने एका अर्धविरामात संपवली. ज्यांनी सोसले त्यांनीच धर्माची निवड केली असेल, तर त्यांच्या वतीने उणे बाकी काढणारे आपण कोण?

दुसऱ्या लेखकांनी गाडगे महाराजांच्या धर्मशाळांचा उल्लेख केला आहे, आणि तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूला आहे. दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, त्यांना विचारले तर ते काय सांगतील हे मला माहीत आहे. पण महाराजांचा हिशेब साधा होता. झाडू त्यांच्याच हातात असे, आणि स्वतःच्या पुण्याचा केर त्यांनी दुसऱ्याच्या दारात लोटला नाही. त्यांचे नाव आवाजाच्या भिंतीशेजारी लावलेल्या रक्तदान शिबिराच्या शेजारी लिहिणे हा त्यांचा गौरव नव्हे.

जाता जाता एक तक्रार आपल्याबद्दलही. ज्या पुरवणीत हा उच्च दर्जाचा वाद छापला, तिच्याच शेवटच्या पानावर एका बाबांची जाहिरात आहे, त्यात शत्रुपीडा, सवत, करणी यांच्याबरोबर मधुमेह आणि मूल न होणे यांवरही ताईत मिळण्याची हमी दिली आहे. रोगांवर जादुई उपायांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, आणि त्याचा अध्यादेश निघण्यासाठी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना जीव गमवावा लागला. जाहिरातीचे पैसे आपल्या खात्यावर जमा झाले असतील. ताईत घेऊन औषध बंद करणाऱ्या बाईची नोंद आपण कोणत्या पानावर करणार आहात?

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. मागच्या वेळी आपण माझ्या पत्रातील सगळी टीका कापून फक्त आभार छापले होते. या वेळी जागेची अडचण असेल तर आभार कापावेत. नाव छापण्यास हरकत नाही, पत्ता मात्र छापू नये. नवरात्र जवळ आले आहे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे
(नाव व पत्ता पाकिटावर दिला आहे)