बाबा, खरवडणं टाळू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या हिरड्यांचा तक्ता नीट पाहिला. वरच्या उजव्या दाढांशी 6 मिलिमीटरचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातल्या खोल खाचा, आहेत. निरोगी हिरडीत ही खोली 3 च्या वर जात नाही. निळा रंग आणि लाल प्रकाशाचा उपचार घेतला तर खरवडणं टळेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही टळणार.

पॉकेटमधले जंतू सुटे नसतात. फुलदाणीच्या आतून बोट फिरवलं की हाताला लागतो ना, तसाच बुळबुळीत थर करून ते राहतात. रंग त्या थरात वरवरच मुरतो, आणि टणक कीटणाआड तर प्रकाशही पोचत नाही. म्हणून आधी स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजे दात आणि त्यांची मुळं खरवडून साफ करणं, आणि त्यातून थर फोडायचा. रंग फक्त उरल्यासुरल्या जंतूंसाठी.

हा रंग बहुधा मेथिलीन ब्लू असतो, साधारण 0.01 टक्क्याचा. बोथट सुई तळापर्यंत नेऊन, मागे घेत घेत तो सोडतात. हिरडीच्या काठाशी निळा थेंब वर आला की पॉकेट भरला. घाईने वरूनच सोडला तर आत हवेचा बुडबुडा राहतो आणि तेवढा भाग कोरा जातो. 1 ते 3 मिनिटांत रंग जंतूंना चिकटतो. मग जादाचा रंग धुऊन टाकायचा. हे धुणं फार महत्त्वाचं. रंग जास्त राहिला तर प्रकाश वरच शोषला जातो, तळाशी काहीच उतरत नाही.

मग 660 ते 670 नॅनोमीटरचा लाल प्रकाश, प्रत्येक जागी मिनिटभर. रंग ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि तो ऑक्सिजन जंतूचं आवरण जाळतो. पण असा ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, त्यामुळे जिथे रंग चिकटला तिथेच मारा होतो.

सगळ्यात जास्त घोळ रक्ताने होतो. खरवडल्यावर हिरडी वाहते, रक्तातली प्रथिनं रंग धरून ठेवतात आणि रक्त प्रकाशही अडवतं. गॉज दाबून रक्त थांबवल्याशिवाय रंग घालू देऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवाच. आई, बाबांच्या गोळ्यांची यादी सोबत ने. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांग.

माझं मत विचाराल तर आत्ता प्रकाश नको. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही याच प्रकाशाचा उपचार सफाईला जोड म्हणून वापरू नये असंच सुचवलंय. जो फायदा दिसतो तो थोडा, आणि सगळीकडे सारखा नाही. आधी नीट सफाई करून घ्या, दोन दातांच्या फटीत रोज रात्री छोटा ब्रश फिरवा आणि 3 महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. तेव्हाही एखादा पॉकेट 5 च्या वर राहिला आणि त्यातून रक्त येत असलं, तर पुढे काय करायचं ते दंतवैद्यांशी बोलून ठरवू. नवा तक्ता आला की फोटो पाठवा.

तुमची लेक